चौदा मिनिटांचा वारा

"चॉय, इकडे ये जरा. नाक घेऊन ये," मुनियांडी म्हणाला.

सकाळचे साडेसात वाजले होते. चिनी नवीन वर्षाची दहा दिवसांची सुट्टी संपून फूंग पत्रा छपाई कारखाना आज उघडायचा होता, पण घरचं अजून कुणी आलं नव्हतं. मुनियांडी भट्टीच्या शेपटाकडे उकिडवा बसला होता. तपासणीचं छोटं दार त्याने चार बोटं उघडून धरलं होतं. चॉयने वाकून नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. डोळ्यांत पाणी आलं.

"आत पत्रे आहेत," मुनियांडी म्हणाला. "बिस्किटांच्या डब्यांचे. ओलेच ठेवून गेलो आपण."

"आपण कुठे गेलो. दादाने घालवलं."

ते खरं होतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला क्योंगदादा गाडीची किल्ली वाजवत आला होता. आई जेवायला थांबलीय, इपोहच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्यात, बंद करा सगळं. वॉर्निश लावलेले तीनशे पत्रे तेव्हा भट्टीत शिरून उभे होते. राहू देत, आल्यावर भाजू, असं दादा म्हणाला होता. गॅस बंद, पंखा बंद. पण धुराड्यावर पावसासाठी झाकण टाकलं होतं ते मात्र चॉयने स्वतः, दरवर्षीसारखं. त्याबद्दल दादाकडे बोट दाखवता येणार नव्हतं.

दहा दिवस बंद भट्टी, आत ओलं वॉर्निश, वर झाकण. वॉर्निशमधल्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, आणि एका ठिणगीने भडकते. ती जाणार कुठे? पाय पसरून बसली होती आत, जावयासारखी.

"नऊ अठराला बटण दाबणार ना दादाचा पोरगा?" मुनियांडीने विचारलं. "ते निळं अजून आहे का?"

"आहे."

"मग मी आज गेटाबाहेर उभा राहतो. तू पण चल, चहा पाजतो."

तो हसला नाही. चॉयही हसला नाही. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागले होते, एक मालकाचा धाकटा मुलगा म्हणून आणि एक हमाल म्हणून, आणि तेहतीस वर्षांत भट्टीच्या बाबतीत मुनियांडीने कधी थट्टा केली नव्हती.

निळं म्हणजे दोन इंच वायर. तिची गोष्ट अशी.

नवी भट्टी तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिच्याबरोबर नियमांचं एक जाड पुस्तक आलं. चॉयने शाळा सहावीत सोडलेली, तरी शब्दकोश मांडीवर घेऊन चार महिन्यांत त्याने ते पार केलं. जिथे थिनर सुकवतात त्या भट्टीत वाफ किती असू द्यायची, त्यासाठी हवा किती बाहेर खेचायची, सगळं त्यात होतं. आणि एक नियम असा, की आग लावायच्या आधी भट्टीतली सगळी हवा निदान चार वेळा बदलली पाहिजे. ह्या भट्टीला त्यासाठी चौदा मिनिटं पंखा लागायचा. माणूस विसरेल म्हणून टायमरच बसवला होता. पंखा खरोखर वारा ओढतोय हे कळल्याशिवाय आणि चौदा मिनिटं भरल्याशिवाय गॅसचा वॉल्व्ह उघडतच नाही.

आता आईचा नियम. वर्ष संपताना आई मेन स्विचवर लाल कागद चिकटवायची. पंचांगवाला जे मिनिट काढून देईल, ह्या वर्षी नऊ अठरा, त्या मिनिटाला तो फाडायचा. त्याआधी कारखान्यात एक चाक फिरता कामा नये, आणि ते मिनिट संपायच्या आत आईला भट्टीच्या काचेतून निळी ज्योत दिसली पाहिजे. जुन्या भट्टीला हे सोपं होतं. बाबा बांबूला चिंधी गुंडाळायचे, पेटवायचे, आत खुपसायचे. ज्योत मिनिटात. एका वर्षी बाबांच्या भुवयाही मिनिटात गेल्या, त्या पुन्हा नीट आल्या नाहीत.

नव्या भट्टीच्या पहिल्या वर्षी ज्योत चौदा मिनिटं उशिरा आली. जूनमध्ये योक-पेंगताईचा नवरा गेला. आईने दोन्हीची गाठ मारली आणि ती गाठ कुणी सोडवली नाही. पुढच्या वर्षी कारखाना उघडायच्या दिवशी दादाने चॉयला छपाईच्या यंत्रामागे गाठलं. काय करायचं ते कर, आईला ज्योत मिनिटात दिसली पाहिजे. चॉयने पॅनल उघडलं, टायमरच्या दोन टोकांना वायर जोडली. टायमर आंधळा झाला. बटण दाबताच पंखा आणि ठिणगी बरोबर सुरू.

एका दिवसासाठी लावलेली वायर वर्षभर राहिली. रोज भट्टी रिकामी करूनच घरी जायचे, त्यामुळे सकाळी काही घडत नव्हतं, उलट चौदा मिनिटं वाचत होती. शिवाय दादा चारचौघांत म्हणाला होता, की भट्टी फक्त चॉयचं ऐकते. उभ्या आयुष्यात दादाने केलेलं ते पहिलं कौतुक. ते गोड लागलं होतं. खरं कारण तेच होतं, बाकीची सगळी नंतर शोधलेली.

चॉय शिडीवर चढला, धुराड्याचं झाकण काढलं, खाली आला. पॅनल उघडून वायर उपटली आणि शर्टाच्या खिशात टाकली. लाल कागदाला हात लावला नाही.

*

योक-पेंगताई आठ वाजता संत्र्यांची टोपली घेऊन आली. हिशेब, कामगार, सरकारी कागद, सगळं ऑफिस तिच्याकडे. चॉयने तिला ऑफिसात नेऊन सांगितलं. ती संत्री ताटात रचत होती, ऐकताना रचतच राहिली.

"काढलीस ना वायर? मग झालं. कुणाला सांगू नकोस."

"ज्योत नऊ बत्तीसला येईल."

"टायमर बिघडला म्हण."

"ताई, आज पहिल्यांदा जिन-हाव बटण दाबणार. दादा त्याला कारखाना देतोय, सिंहनाच बोलावलाय, मामाकडचे सगळे येणार. आणि नेमकी आजच भट्टी बिघडली. लोक कुणाकडे बघतील?"

तिने एक संत्रं उचललं, फिरवून परत ठेवलं. "तुझ्याकडे. भट्टी पुतण्याकडे चालली म्हणून काकाने खोडी काढली. मीसुद्धा तुझ्याकडेच बघितलं असतं."

"तेच म्हणतोय."

"मग काय करणारेस?"

"खरं सांगणार."

आता तिचे हात थांबले. "चॉय, सप्टेंबरमध्ये तपासणीचा कागद आला होता. टायमर चालू आहे का, ह्या रकान्यात सही कुणाची आहे? मी तुला विचारून केली. तू 'हो' म्हणालास. जेवत होतास तेव्हा, मान पण वर केली नाहीस."

"हो."

"नुसतं हो?"

"काय म्हणू मग. खोटं बोललो."

"नवरा गेला, आता अब्रू पण घालव माझी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याला पिशवीत अजून एक मुळा घाल म्हणावं, तसं. "मी ह्यात नाही. दादाला सांगायचं तर तू सांग. माझ्या सहीचं नाव काढू नकोस."

*

दादा साडेआठला आला. आईला हाताला धरून उतरवलं, अंगणात भूमिदेवाच्या टेबलासमोर खुर्चीत बसवलं. वहिनीने आणि मामाकडच्या बायकांनी भाजलेलं डुक्कर, फुललेले गुलाबी केक, चहाचे तीन पेले मांडायला घेतले. जिन-हाव नव्या लाल शर्टात होता. शर्टाची घडी अजून पाठीवर दिसत होती. अठ्ठावीस वर्षांचा, सिंगापुरात सहा वर्षं यंत्रांच्याच कंपनीत काढून परत आलेला.

चॉयने दोघांना छपाईच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. पत्रे, झाकण, वायर. काही मागेपुढे केलं नाही.

दादाने घड्याळ बघितलं. "परत लाव."

"नाही."

"मागच्या वर्षी लावून केलं. काय झालं? काही झालं का?"

"मागच्या वर्षी आत पत्रे नव्हते, दादा."

"मग दारं उघडी टाक. वारा लागू दे. अजून पाऊण तास आहे."

"पंधरा मीटरची भट्टी आहे. दार उघडं ठेवलं म्हणून विंचू घरातून जातो का? पंख्यानेच ओढावी लागते ती वाफ. आणि पंखा लावायचा तर लाल कागद आत्ताच फाडावा लागेल."

"कागदाला हात लावायचा नाही."

"म्हणून तर बोलवलं तुम्हाला."

दादा जवळ आला. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. "चॉय, मी तुला एक विचारतो, राग मानू नकोस. तुला हे आजच कसं सुचलं? वर्षभर ती वायर तिथेच होती. तू रोज तिच्यासमोर डबा खाल्लास. आज माझ्या मुलाचा हात लागणार, आज तुला पुस्तक आठवलं?"

ह्याचं उत्तर चॉयकडे होतं, पण त्यात तो स्वतःच वाईट दिसत होता. "वर्षभर मी गाढवपणा केला," तो म्हणाला. "आज वास आला म्हणून कळलं."

"जिन-हाव," दादा मान न वळवता म्हणाला, "ती वायर कुठे लागते, तुला कळतं ना?"

"कळतं."

"घे काकाकडून आणि लाव."

जिन-हावने हात पुढे केला. चॉयने खिशातून वायर काढून त्याच्या तळहातावर ठेवली. अडवायचं म्हटलं तर कसं अडवणार, पोरगा त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता. जिन-हावने वायर बघितली, दोन्ही टोकं सोललेली, एक टोक काळं पडलेलं.

"लावतो, बाबा," तो म्हणाला. "पण मग बटण तुम्ही दाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दाबा. मी मुनियांडीबरोबर गेटाबाहेर थांबतो. आणि आपोला सांगायचं का, की आज काचेला नाक लावू नकोस? ती दरवर्षी नाक लावून बघते. मी लहान असताना मला पण उचलून दाखवायची." आजीला तो आपो म्हणायचा.

दादा छपाईच्या यंत्रावर हात ठेवून उभा राहिला. ह्या यंत्रावर त्याची दोन बोटं गेली होती, बाविसाव्या वर्षी. उरलेली तीन बोटं लोखंडावर हळूहळू वाजत होती.

"भट्टीची किल्ली दे," शेवटी तो चॉयला म्हणाला. "आजपासून तू भट्टी बघायची नाहीस. वायर लावलीस म्हणून तुला काढतोय, वायर काढलीस म्हणून नाही. हे नीट समजून घे, नाहीतर गावभर उलटं सांगशील."

"लावायला तूच सांगितलं होतंस."

"'काहीतरी कर' म्हणालो होतो. तू भट्टीवाला होतास. तू 'नाही' म्हणायचं होतंस."

हे चॉयच्या जिव्हारी लागलं, कारण ते बरोबर होतं. त्याने किल्ली कमरेच्या पट्ट्यातून सोडवून जिन-हावला दिली. पट्ट्यावर जिथे ती तीन वर्षं घासली होती तिथे चामडं उडालं होतं.

"आता आईला सांग जा," दादा म्हणाला. "मी नाही सांगणार. ज्याने केलं त्याने सांगावं."

*

आईचं वय चौऱ्याऐंशी. ऐकायला कमी यायचं, पण जे ऐकायचं नाही तेवढंच कमी यायचं. चॉय तिच्या खुर्चीपाशी बसला आणि सांगू लागला. ती देवासमोरच्या उदबत्त्यांकडे बघत होती. वहिनीने डुकराच्या तोंडात संत्रं बसवलं होतं, ते तिरकं झालं होतं, आईने मध्येच बोटाने दाखवून ते सरळ करून घेतलं.

"म्हणजे मागच्या वर्षी मी जी ज्योत बघितली," ती म्हणाली, "ती चोरून आणलेली होती."

"हो."

"आणि हे मला आज सांगतोस. नऊ वाजून गेल्यावर."

"वास आजच आला, आई."

"कुणी सांगितलं होतं तुला वायर लावायला?"

अंगणातल्या बायकांनी केक मांडणं थांबवलं. गेटाशी सिंहनाचवाले ढोलाच्या दोऱ्या आवळत होते, त्यांनाही काहीतरी कळलं असावं, त्यांनीही आवळणं थांबवलं. दादा छपाईच्या दारात उभा होता. चॉयने त्याच्याकडे बघितलं नाही.

"कुणी नाही. तुला ज्योत मिनिटात हवी होती, म्हणून लावली."

"म्हणजे माझ्यामुळे."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास. बरं म्हणालास." तिने ओठ मुडपले. "आता ह्या वर्षी परत उशीर. पहिल्या वर्षी उशीर झाला तेव्हा आपला जावई सेंग गेला. आता कोण जाणार आहे, ते पण पुस्तकात बघून सांग."

ताई ऑफिसच्या पायरीवर संत्र्यांचं ताट घेऊन उभी होती. ती मघाशी म्हणाली होती, मी ह्यात नाही. आता ती पायरी उतरून आली, ताट टेबलावर ठेवलं आणि पदर नसताना पदराला पुसावेत तसे हात स्कर्टला पुसले.

"आई, सेंगला डॉक्टरांनी दीड वर्ष आधी सांगितलं होतं," ती म्हणाली. "भट्टी यायच्या आधी. आम्ही दोघांनी लपवलं. तू काळजी करशील म्हणून लपवलं, आणि नंतर तू ज्योतीचं बोलायला लागलीस तेव्हा सांगायची सोय राहिली नाही. जवळजवळ दोन वर्षं मी तुझ्याकडून ऐकतेय, ज्योत उशिरा आली आणि माझा नवरा गेला. तो सिगरेटी ओढायचा, आई. दिवसाला दोन पाकिटं. भट्टीने काही केलेलं नाही."

मग ती बाकीच्यांकडे वळली.

"आणि चॉयने टायमरबद्दल खोटं सांगितलं, त्यावर सही मी केलीय," ताई म्हणाली. "ते पण ऐकून घे सगळ्यांनी. सोमवारी मी तपासणीवाल्यांना स्वतः कळवणार आहे."

आईने काय विचार केला ते कुणालाच कळलं नाही. तिने ताईचा हात धरला नाही, डोळेही पुसले नाहीत. फक्त विचारलं, "किती वाजले?"

"नऊ आठ," जिन-हाव म्हणाला.

"मग अजून वेळ आहे. मिनिट आलं की कागद फाडायचा, पंखा लावायचा. ज्योत येईल तेव्हा येईल."

चॉय उठला नाही. अजून एक राहिलं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. "आई, उदबत्त्या विझवाव्या लागतील. मेणबत्त्या पण. पंखा लागला की ती सगळी वाफ धुराड्यातून ह्या अंगणावर उतरणार."

वहिनीच्या तोंडून 'अगंबाई' निघून गेलं. वर्षाच्या पहिल्या कामाला देवापुढची उदबत्ती विझवायची.

"आता देवालाही टायमर लाव," आई म्हणाली.

पण ती उठली. दोन्ही हातांनी उदबत्त्यांचं भांडं उचललं, कुणाला हात लावू दिला नाही, आणि अंगण ओलांडून, गेट ओलांडून, रस्त्यापलीकडच्या शेंगदाण्यांच्या गोदामापर्यंत चालत गेली. मुनियांडी तिथे खरोखरच उभा होता, चहाचा पेला घेऊन.

"हे धर," ती म्हणाली. "तुझा देव वेगळा आहे, तरी धर. विझू देऊ नकोस."

मुनियांडीने पेला जमिनीवर ठेवला आणि भांडं धरलं. मेणबत्त्या वहिनीने विझवल्या. सिंहनाचवाल्या दोघांच्या तोंडात सिगरेट होती, त्यांना चॉयने रस्त्यावर पिटाळलं.

*

नऊ अठराला आईने लाल कागद फाडला. दादाने मेन स्विच वर केला. जिन-हावने पंख्याचं बटण दाबलं.

ज्योत नाही, टाळ्या नाहीत. नुसता पंख्याचा घरघराट. लोक काय करावं न कळून उभे राहिले. लग्नात भटजी आलाच नाही की जसे राहतात तसे.

पहिलं मिनिट काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला धुराड्याच्या तोंडावरची हवा थरथरू लागली, तापलेल्या रस्त्यावर थरथरते तशी, आणि मग वास खाली आला. आधी मामींनी नाकाला रुमाल लावला. मग वहिनीने. गुलाबी केकांवर, डुकराच्या कुरकुरीत कातडीवर, नव्या कपड्यांवर तो वास बसत गेला. एक म्हातारे मामा खोकत रस्त्यावर गेले. पाचवं मिनिट. वास कमी झाला नाही, वाढला. सिंहाच्या मुखवट्यातून डोकं बाहेर काढून एकाने विचारलं, आत मेलंय तरी काय.

सातव्या मिनिटाला चॉयने दादाकडे बघितलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थिनरनेच. तो धुराड्याकडे बघत होता, मग भट्टीच्या काचेकडे, मग काचेसमोरच्या त्या चौकोनी लादीकडे, जिथे दरवर्षी आई उभी राहते. रुमाल त्याच्या खिशात होता, पण त्याने तो काढला नाही.

दहा. बारा. तेरा.

नऊ बत्तीसला टायमरचा 'टक्' आवाज आला आणि पॅनलवर हिरवा दिवा लागला. जिन-हावचं बोट बर्नरच्या बटणावर गेलं. आई त्याच्या शेजारी होती. तिने त्याचं मनगट धरलं.

"अजून वास येतोय."

"आपो, हिरवा लागला. चौदा मिनिटं झाली."

"दिव्याला नाक आहे का?"

जिन-हावने वळून बघितलं. बापाकडे नाही, चॉयकडे. किल्ली त्याच्या हातात होती, तरी चॉयकडे.

"आतले पत्रे अजून ओले आहेत," चॉय म्हणाला. "ते वाफ सोडतच राहणार. पंखा चालू ठेवायचा, सगळे पत्रे बाहेर काढायचे, मग पंखा परत पहिल्यापासून. चौदा."

"तीनशे पत्रे," जिन-हाव म्हणाला. "दहा वाजून जातील."

"अकरा," चॉय म्हणाला.

दादाने नवा कोट काढून डुकराच्या टेबलावर टाकला आणि भट्टीच्या शेपटाकडे गेला. तिथे खिळ्यावर हातमोजे टांगलेले असतात. त्याने दोन जोड काढले, एक स्वतःच्या हातात चढवला, दोन बोटं रिकामी लोंबत राहिली, आणि दुसरा चॉयच्या अंगावर फेकला.

"बघत काय बसलास," तो म्हणाला. "त्या बाजूने धर."